पाण्याची कातडी आणि हरबाच्या चार गाठी

निमखेड गावात हरबा नावाचा एक भोळा भाऊ राहत होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी "जरा थांब" म्हणालं की "आता चल" म्हणेपर्यंत तो तिथेच उभा. एकदा त्याचे वडील आप्पा त्याला असं सांगून बाजाराला गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले. हरबा वेशीपाशीच होता. खांद्यावर कावळा बसला होता.

हरबाचं वय बत्तीस, मिशा झुपकेदार, गळ्यात पंचा. कुणी काही शिकवलं की तो पंच्याच्या टोकाला गाठ मारायचा. गाठ मारली की शिकलेलं कधीच विसरायचा नाही. सांगितलेलं जसंच्या तसं ध्यानात ठेवणं म्हणजे हुशारी, असं गावच्या शाळेत मानत. त्या हिशेबाने हरबा गावातला सगळ्यात हुशार माणूस होता.

त्याची धाकटी बहीण चंपा. तिला पाहायला बरीच स्थळं आली. कुणी चालून दाखव म्हणालं, कुणी पोहे कुणी केले विचारलं. तालुक्याच्या शाळेतले मास्तर श्रीरंग आले, त्यांनी विचारलं, "सुई पाण्यावर तरंगेल का?"

"लोखंड बुडतं," चंपा म्हणाली.

"करून बघा," मास्तर म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

चंपाने चार दिवस वाटीत सुया बुडवल्या. पाचव्या दिवशी एक तरंगली. त्याच संध्याकाळी तिने आप्पांना सांगितलं, "लग्न करीन तर यांच्याशीच."

लग्न ठरलं. विहीणबाईंची एकच अट होती. "थोरल्याचा मुहूर्त तीन मिनिटांनी चुकला. ती सून अजून माझ्याशी बोलत नाही. या वेळी चुकला, तर वऱ्हाड परत नेईन." मुहूर्त होता अकरा वाजून सात मिनिटांचा.

चंपाला घड्याळाची काळजी नव्हती. तिला हरबाची काळजी होती.

हरबाने वाटीतली सुई पाहिली. "चंपे, ही बुडत कशी नाही?"

"दादा, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. आतल्या कणाला सगळीकडून शेजारी. वरच्या कणाच्या डोक्यावर कुणीच नाही, म्हणून तो बाजूच्यांना जास्तच घट्ट धरतो. त्यामुळे पाण्याला वरून ताणलेली कातडी असल्यासारखं होतं. हळू ठेवलं की ती फाटत नाही."

"हळू ठेवलं की बुडत नाही. बरं. गाठ मारली." लग्नासाठी घेतलेल्या कोऱ्या पंच्याची ही पहिली गाठ.

दुसऱ्या दिवशी हळद वाटायला बायका जमल्या. पाटा होता, वरवंटा नव्हता. हरबा विहिरीच्या पायरीवर बसून पाण्यात टक लावून बघत होता.

"वरवंटा कुठाय रे?" आप्पांनी विचारलं.

"पाण्यावर ठेवला."

"मग?"

"मी हळूच ठेवला होता. त्यानेच घाई केली."

चंपाने कपाळाला हात लावला. "अरे दादा, एवढं वजन ती कातडी कसं पेलणार? वस्तू हलकी हवी. आणि तेलाचं बोट लागलेली असली तर उत्तम, म्हणजे पाणी तिला चटकन भिजवत नाही."

"हलकी, तेल लावलेली आणि हळू. बरं." दुसरी गाठ.

तोवर लग्नपत्रिका छापून आल्या. अजून नावं घालायची होती. आप्पा म्हणाले, "हरबा, हा गठ्ठा नदीपलीकडे तुझ्या मामाकडे पोचव. तो नावं घालील आणि वाटील."

हरबा नदीवर गेला. होडी पलीकडच्या काठाला होती. त्याने पत्रिका उचलून पाहिली. हलकी होती. तो घरी आला, तेलाची बुधली घेऊन गेला आणि काठावर बसून तीनशे पत्रिकांना दोन्ही बाजूंनी तेल चोळलं. मग एकेक पत्रिका पाण्यावर ठेवली. अगदी हळू.

एकही बुडाली नाही. हरबा आनंदाने घरी आला. "चंपे, या वेळी जमलं. सगळ्या गेल्या."

"कुठे गेल्या?"

"तेवढं पाण्याला ठाऊक."

पाण्याला ठाऊक होतंच. खाली चार कोसांवर ढवळपूर होतं. तिथल्या लोकांनी पत्रिका गोळा केल्या, वाळवल्या, वाचल्या. आत लिहिलं होतं, 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' एवढ्या अगत्याने ढवळपूरला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. गावाने निरोप धाडला: येतो.

नात्यातल्यांना आप्पांनी दारोदार जाऊन तोंडी बोलावलं आणि आचाऱ्याला भात दुप्पट करायला सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी चंपाने मोठ्या परातीत पाण्यावरची रांगोळी घातली. पाणी शांत होऊ दिलं, फडक्यातून कोळशाची पूड त्यावर गाळली, मग त्या काळ्या थरावर चिमटीने रंग सोडले. दुपारभर श्वास रोखून तिने एक मोर काढला. मोराच्या पायाशी एक सुई काढली. ती कुणासाठी होती, हे घरात कुणी विचारलं नाही.

हरबाचे हात तेव्हा हळदीने माखले होते. चंपा म्हणाली, "हात साबणाने धुवून ये, मग बघ." तो धुवून आला. पुसले मात्र नाहीत, कारण पुसायचं कुणी सांगितलं नव्हतं.

"मोराचा डोळा कुठाय गं? हा का?" त्याने बोट दाखवलं. बोटावरून एक थेंब पडला.

मोर फुटला. डोळा, पिसारा, सुई, सगळं एका क्षणात परातीच्या कडेला पळालं. मध्ये स्वच्छ पाणी उरलं. त्यात हरबाचं तोंड दिसत होतं.

चंपाने परात बाजूला सरकवली. मग म्हणाली, "दादा, साबण पडला की मधल्या कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते. कडेचे मात्र तसेच घट्ट ओढत राहतात. म्हणून मध्ये जमलेलं सगळं कडेला पळतं. कपड्यातला मळ निघायलाही त्याचीच मदत होते. साबणाने पकड ढिली झाली नसती तर पाणी धाग्याधाग्यात इतकं सहज शिरलं नसतं."

"साबण टाकला की मधलं सगळं कडेला पळतं. बरं." तिसरी गाठ.

लग्नाच्या दिवशी सकाळी अवकाळी पाऊस आला. तासभर पडला आणि गेला. मांडवाच्या जाड सुती कापडाला पाण्याने मोठा झोळ आला, पण खाली थेंब गळला नाही. चंपा नटत होती. तिने खिडकीतून हाक मारली, "दादा, कापडाच्या बारीक भोकांत पाणी ताणून अडलंय. खालून बोट लावलंस की तिथून गळायला लागेल. कापडाला बोट लावू नकोस."

"कापडाला बोट लावायचं नाही. बरं." चौथी गाठ. पंच्याची चारही टोकं भरली.

दहा वाजता ढवळपूर आलं. सहकुटुंब सहपरिवार. ते थेट मांडवाच्या मधोमध बसले, मांडीला मांडी लावून.

पावणेअकराला वऱ्हाड दाराशी आलं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बोहला पलीकडच्या टोकाला. आप्पांनी हात जोडले. "मंडळी, जरा कडेला सरा."

"आम्ही एकत्र आलो, एकत्रच बसणार," ढवळपूरचे पाटील म्हणाले. "आमच्यात कुणी कुणाला सोडत नाही." आणि त्यांनी शेजाऱ्याचा दंड धरला. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याचा धरला.

अकरा वाजले. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "आप्पा, सात मिनिटं. मी बैल सोडलेले नाहीत."

बोहल्यावर उभ्या चंपाचे डोळे भरून आले. हरबाने ते पाहिलं. मग त्याने गर्दीकडे पाहिलं. सगळे एकमेकांना घट्ट धरून होते. त्याने पंचा पुढे ओढला आणि तिसरी गाठ चाचपली.

परातीला एक थेंब पुरला होता. मांडव परातीपेक्षा बराच मोठा होता. हरबा आचाऱ्याकडे गेला. पातेली घासायला साबण कालवलेलं मोठं घंगाळ तिथे होतं. ते त्याने उचललं, पाटलांच्या मागे येऊन उभा राहिला आणि मधोमध ओतलं.

ढवळपूर कडेला पळालं.

कुणी धावत, कुणी रांगत, पाटील बसल्या बसल्याच. मध्ये स्वच्छ वाट झाली. वाट गुळगुळीतही होती. श्रीरंग मास्तरांनी दारात पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं न टाकताच बोहल्यापाशी पोचले. मागून विहीणबाई पोचल्या. भटजींनी पडल्या पडल्या अंतरपाट धरला. अकरा वाजून सात मिनिटांनी अक्षता पडल्या.

चंपा हसत होती. मास्तर गुडघा चोळत विचारत होते, "साबणाचं हे कुणी सुचवलं?"

पण विहीणबाई उठल्या. शालूला फेस, नथीला फेस. "मुहूर्त साधला, मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण हा साबण? एवढ्या माणसांना धुवायला पाणी कुठून आणणार आहात, आप्पा?"

आप्पांनी रिकाम्या घंगाळात डोकावून पाहिलं. चंपाने मान वळवली आणि हळूच म्हणाली, "दादा, लग्न लागलं. आता कृपा कर आणि कशालाही हात लावू नकोस. एवढं एकच ध्यानात ठेव."

"कशालाही हात लावायचा नाही. बरं."

हरबाने पंचा पाहिला. चारही टोकांना गाठी होत्या. पाचवीला जागा नव्हती. आणि गाठ मारल्याशिवाय एवढी महत्त्वाची गोष्ट ध्यानात कशी राहणार?

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मांडवाच्या मधल्या खांबाला एक चांगली जाड दोरी होती. तिला कुणाची तरी जुनी गाठ होती.

कापडाला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. फक्त ती जुनी गाठ सोडली आणि आपली मारायला घेतली.

तेवढ्यात मांडव खाली आला, तासाभराच्या पावसासकट.

एक मात्र झालं. साबण सगळ्यांचा निघाला.