चिचुंद्रीची टम्म चानकी

मांडी घाला. नाकं पुसा. बाबांनी जांभई देऊ नये, गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे.

तर एक होती चिचुंद्री. एवढीशी. बाबांच्या अंगठ्याएवढी. नाक मात्र लांबच लांब. आधी नाक यायचं, मग चिचुंद्री यायची.

ती राहायची वेणूकाकूंच्या मोरीत. फुकट नाही हं. काम करायची. ओट्याखालची झुरळं वेचायची, डब्यांमागची झुरळं वेचायची. एक सोडायची नाही.

मग काकू काय करायच्या? भाकऱ्या झाल्या की परातीत पीठ उरतं ना, चिमूटभर? त्याची थापायच्या चानकी. चानकी म्हणजे भाकरीचं बाळ. ती भाजायच्या आणि मोरीशी ठेवायच्या. झुरळं वेच, चानकी घे. दोघींचं ठरलेलं होतं.

काकूंची शेगडी होती विजेची. आत तारेचं वेटोळं. तार लाल व्हायची, हळूहळू. भाकरी भाजायची, हळूहळू. फुगायची मात्र नाही. काकू म्हणायच्या, ही भाकरी आहे का चप्पल? आणि आप्पाकाका काय करायचे? गुपचूप चावत बसायचे.

एक दिवस काय झालं, काकूंनी चानकी तव्यावर टाकली आणि शेगडी म्हणाली, फट्. मग म्हणाली, फुस्स. तार तुटली. शेगडी गार, तवा गार, चानकी कच्ची.

चिचुंद्री आली. नाक वर केलं. खमंग वास नाही. मोरीशी पाहिलं. चानकी नाही. तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले. काव काव, काव काव.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली काकूंकडे.

"काकू काकू, चानकी भाजा.
पोटात माझ्या कावळे."

काकू म्हणाल्या, "कशावर भाजू गं? ही शेगडी मेली एकदाची. आता आपल्याकडे गॅस. जाळ आला की भाजते. जाळ नाही, चानकी नाही."

नवी गॅसची शेगडी ओट्यावर येऊन बसली होती. नुसतीच बसली होती, पाहुण्यासारखी. कारण रस्त्यावरून नळीने घरात गॅस आणायचा होता मुबारकमामांनी. आणि मामा बसले होते पायरीवर. मांडीवर पिवळी नळी, हातात चहा.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मामांकडे.

"मामा मामा, नळी घाला.
नळी नाही, जाळ नाही.
जाळ नाही, चानकी नाही.
पोटात माझ्या कावळे."

मामा म्हणाले, "घालतो की. पण भिंतीला भोक कुठाय? नळी काय माझ्या कानातून घालू? मिस्त्रीला सांग. भोक नाही, नळी नाही."

सदू मिस्त्री बसला होता भिंतीला टेकून. शेजारी भोक पाडायचं मशीन. तोंडात शेंगदाणे.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मिस्त्रीकडे.

"मिस्त्री मिस्त्री, भोक पाडा.
भोक नाही, नळी नाही.
नळी नाही, जाळ नाही.
जाळ नाही, चानकी नाही.
पोटात माझ्या कावळे."

मिस्त्री म्हणाला, "भोक पाडायचं तिकडं वर. माझा हात पुरतो इथवर. मी काय उंट आहे? काकांना सांग. शिडी नाही, भोक नाही."

आप्पाकाका बसले होते खुर्चीत. तोंडासमोर पेपर. पेपर उलटा होता, पण आपण सांगायचं नाही.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली काकांकडे.

"काका काका, शिडी द्या.
शिडी नाही, भोक नाही.
भोक नाही, नळी नाही.
नळी नाही, जाळ नाही.
जाळ नाही, चानकी नाही.
पोटात माझ्या कावळे."

काका म्हणाले, "शिडी कधीच दिली असती. पण तिच्यावर बोका झोपलाय. झोपलेल्याला उठवू नये, पाप लागतं. उठणं नाही, शिडी नाही."

पापबिप काही नाही. खरं कारण काकांच्या नाकावर होतं. तिथे पट्टी होती. कालच बोक्याने बोचकारलं होतं.

अंगणात शिडी आडवी. शिडीवर बोका आडवा. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. त्याची एक मिशी म्हणजे चिचुंद्रीचं अख्खं शेपूट. चिचुंद्री दोन पावलं मागे सरली. पण कावळे काही ऐकेनात.

चिचुंद्री निघाली. तुरु... तुरु... तुरु... गेली बोक्याकडे.

"बोकोबा बोकोबा, उठा की.
उठणं नाही, शिडी नाही.
शिडी नाही, भोक नाही.
भोक नाही, नळी नाही.
नळी नाही, जाळ नाही.
जाळ नाही, चानकी नाही.
पोटात माझ्या कावळे."

बोक्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "उठलो की मला कोमट दूध लागतं. गार दुधाने आमचा घसा बसतो. काकूंना सांग. दूध नाही, उठणं नाही."

आणि डोळा मिटला.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. परत गेली काकूंकडे.

"काकू काकू, दूध तापवा.
दूध नाही, उठणं नाही.
उठणं नाही, शिडी नाही.
शिडी नाही, भोक नाही.
भोक नाही, नळी नाही.
नळी नाही, जाळ नाही.
जाळ नाही, चानकी नाही.
पोटात माझ्या कावळे."

काकू म्हणाल्या, "अगं खुळे, दूध तापवायला जाळ नको का? जाळ नाही, दूध नाही."

घ्या. झाली का पंचाईत? जाळ नाही म्हणून दूध नाही. दूध नाही म्हणून बोका उठत नाही. बोका उठत नाही म्हणून... फिरून फिरून पुन्हा जाळच नाही. चिचुंद्री मोजत बसली, तर तिलाच गरगरायला लागलं.

आणि मोठी माणसं? मामा बरोबर बोलले, मिस्त्री बरोबर बोलला, काका बरोबर बोलले. सगळे बरोबर होते आणि सगळे बसले होते. तिकडे तव्यावर चानकी वाळायला लागली. कडेने तडा गेला. अजून थोडा वेळ गेला असता, तर चानकीचा झाला असता खापराचा तुकडा.

चिचुंद्रीने तो तडा पाहिला. आणि चिचुंद्री चिडली. नाकापासून शेपटापर्यंत चिडली.

आता तुरुतुरु नाही. आता दाणदाण. एवढीशी पावलं, पण दाणदाण दाणदाण. गेली बोक्याकडे.

बोका म्हणाला, "आणलंस दूध?"

चिचुंद्री म्हणाली, "नाही."

बोका म्हणाला, "मग नीघ."

चिचुंद्री निघाली नाही. ती वळली. बोक्याच्या नाकाकडे पाठ केली. शेपूट वर केलं.

नाक धरा रे सगळ्यांनी. बाबांनीही धरा. धरलं?

पुईईईईई!

असा वास, असा वास! कुजका कांदा त्यापुढे अत्तर. ओला मोजा त्यापुढे मोगरा. चिडलेल्या चिचुंद्रीचा वास तो. बोक्याचे दोन्ही डोळे उघडले. मिशा उभ्या राहिल्या. बोका ओरडला आणि उडाला, शिडीवरून भिंतीवर, भिंतीवरून कौलांवर. तिथे बसून शिंकत राहिला. आक्शी, आक्शी.

बोका उठला, शिडी सुटली.

वास गेला काकांपर्यंत. काकांनी पेपर टाकला, नाक दाबलं, शिडी उचलली आणि धावत मिस्त्रीच्या हातात दिली.

शिडी आली, भोक पडलं.

मिस्त्रीने नाकात कापूस कोंबला. शेंगदाणे खिशात कोंबले. चढला शिडीवर. घर्रर्र घर्रर्र, घर्रर्र घर्रर्र. आरपार.

भोक पडलं, नळी शिरली.

मामा तर पायरीवरून उठले ते थेट आत. ते म्हणायला लागले, गॅस गळतोय, गॅस गळतोय. काकू म्हणाल्या, गॅस अजून आलाय कुठे? मामांनी नळी हुंगली. शेगडी हुंगली. काकांना हुंगलं. काही कळेना. पण हात कसे चालले बघा. सर्र नळी आत. करकर करकर पाना फिरला. सगळे जोड तपासले, साबणाचं पाणी लावून तपासले. फुगा नाही, बुडबुडा नाही. मग मामा म्हणाले, "लावा काकू."

नळी शिरली, जाळ आला.

टक् टक् टक्, भप्प. निळा निळा जाळ. गोल गोल फुलासारखा. आणि झटक्यात बरं का, ते हळूहळू प्रकरण नाही.

जाळ आला, चानकी भाजली.

काकूंनी तडा गेलेलं पीठ पाण्याच्या हाताने पुन्हा मळलं. पुन्हा थापली चानकी. थप थप थप. तव्यावर एक बाजू, मग दुसरी बाजू. मग चिमट्यात धरली आणि टाकली थेट जाळावर.

चानकी हलली. चानकी उठली. चानकी फुगली. थोडी फुगली, अजून फुगली, टम्म फुगली. चेंडूसारखी.

काकू बघत राहिल्या. काका बघत राहिले. काका म्हणाले, माझ्यासाठी एक कर ना अशी. काकू म्हणाल्या, तुम्ही किती झुरळं वेचली?

काका पुन्हा पेपर शोधायला लागले.

काकूंनी चानकी मोरीशी ठेवली. चिचुंद्रीने नाक खुपसलं. फुस्स, वाफ निघाली. कुटुम कुटुम, चिचुंद्री खायला लागली. कावळे एकेक करून उडून गेले.

मग काकूंनी बोक्याचं दूधही तापवलं. कोमट केलं. वाटीत ओतलं. वाटी ठेवली, कुठे? मोरीशेजारीच. बोका कौलांवरून उतरला. दारापर्यंत आला. आत चिचुंद्री जेवत होती. बोका दारातच बसला. आत यायचा धीर होईना.

दूध कोमटाचं गार व्हायला लागलं.

चिचुंद्रीने बोक्याकडे पाहिलं. चानकीकडे पाहिलं. अर्धी उरली होती. आणि मग ती उरलेली अर्धी चिचुंद्रीने खाल्ली अगदी सावकाश.

कुटुम.

कुटुम.

कुटुम.

चानकी खाल्ली तिने, गोष्ट खाल्ली तुम्ही. आता नाकं सोडा आणि झोपा.