मोहरीएवढ्या डोळ्यांचे जाळे

एका राज्यात समुद्र होता, पण त्यात मासा उरला नव्हता. राजाला गाभोळीची भारी हौस. अंड्यांनी भरलेली मासळी रोज ताटात हवी, म्हणून त्याने मांत्रिकाकडून न तुटणारे सूत आणवले आणि कमळाय कोळिणीकडून मोहरीएवढ्या डोळ्यांचे जाळे विणून घेतले. कोळीवाड्याची रीत तीन बोटे रुंद डोळ्याची, पिल्ले निसटावीत म्हणून. पण एवढे बारीक आपल्याशिवाय कोण विणणार, या तोऱ्यात कमळायने रीत मोडली.

तीन वर्षांत समुद्र ओस पडला. शेवटची सुरमई वर आली, राजवाड्यात गेली, आणि त्याच सकाळी समुद्राचा शाप लागला. जाळे ओढणारा धर्मा, कमळायचा नवरा, किनाऱ्यावर उभ्याउभ्या मिठाचा झाला. भरती चढू लागली.

मिठाच्या खांद्यावर पांढरा कुरव पक्षी येऊन बसला.

"कमळाय, पाणी याच्या डोक्यावरून जाण्याआधी तीन कामे कर. जाळे मोड. राजाचा शब्द घे. सुरमई सोड."

"नाही जमले तर?"

"तर राज्याला वर्षभर मीठ पुरेल."

जाळ्यावर कोयता चालेना, विळा चालेना, आग धरेना. तेव्हा कमळायने स्वतःच्या हातची शेवटची गाठ शोधली आणि दातांनी सोडवली. सरसर सरसर सारे जाळे उसवले! पाणी धर्माच्या गुडघ्याला लागले.

ती धावत राजवाड्यात शिरली. चांदीच्या घंगाळात सुरमई तळमळत होती.

"महाराज, हिला सोडा. ही शेवटची आहे."

"म्हणून तर खायची!"

सुरमईने डोके वर काढले. "खा, राजा. पोटात तीन लाख पिल्ले आहेत. तुझी पुढची सगळी जेवणे एका घासात संपतील."

राजाचा हात थबकला. "मग किती थांबू?"

"दरवर्षी दोन महिने. आम्ही अंडी घालतो तेव्हा होड्या किनाऱ्यावर."

"आणि मी खाऊ काय?"

"वांगी," कमळाय म्हणाली.

राजाने सुस्कारा टाकला. "दिला शब्द."

घंगाळ कवटाळून ती धावली. पाणी धर्माच्या कानाला लागले होते. तिने सुरमई लाटेत सोडली, आणि धर्मा खोकत, थुंकत माणूस झाला. डावा कान तेवढा विरघळलाच.

"अगं, जाळे कुठाय?"

"उसवले! आता तीन बोटांचे विणते!" तिने उजव्या कानात ओरडून सांगितले.

दोन महिने होड्या पालथ्या पडल्या, राजा तोंड वाकडे करून वांगी खात राहिला. आणि तिसऱ्या महिन्यात समुद्र काठोकाठ चंदेरी झाला. ते राज्य आजही जेवते आहे, आणि पिल्ले आजही निसटत आहेत.