मौलासाब पखालीचा सवाल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मांजरा नदी तेव्हा चिंचखेड्याला वळसा घालून बारमाही वाहायची, नळ कुणी पाहिलेला नव्हता, आणि गावाचं पाणी एका माणसाच्या पाठीवर बसून यायचं. त्या माणसाचं नाव मौलासाब पखाली.

पखाल म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. ती नदीवर भरायची, तिचं तोंड मुठीत आवळायचं, पट्टा खांद्यावर घ्यायचा आणि वाकून चढ चढायचा. मौलासाब कुणाचे रांजण भरायचा, कुणाच्या लग्नाचा मांडव शिंपायचा. ज्यांना कातड्यातलं पाणी प्यायला चालायचं नाही, ते अंगणात सडा मारून घ्यायचे. त्यानं कधी त्याचा राग धरला नाही. असं म्हणतात की त्याची पखाल रिकामी झालेली कुणी बघितली नाही. शेवटचं घर येईपर्यंत तिच्यात पाणी असायचंच.

नदीकडच्या उतारावर मुसलमानांचा मोहल्ला होता. त्याला खालचा मोहल्ला म्हणत. घरं थोडी, माणसं गरीब, एक लहानशी मशीद आणि नदीच्या वळणावर कबरस्तान. मौलासाब तिथलाच.

मग एक वाईट साल आलं. एक राज्य गेलं, दुसरं आलं, आणि गेलेल्या राज्याचा राग काढायला लोकांना माणसं लागली. गेलेला राजा मुसलमान, पण तो दूर होता; मोहल्ला जवळ होता. एका दुपारी पलीकडच्या गावातनं कुऱ्हाडी-भाले घेऊन जमाव निघाला. पुढं होता भुजंगराव नावाचा तरणा गडी. मोहल्ल्यातली बायका-पोरं मशिदीत दाटीवाटीनं बसली. मौलासाबचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको जैतुनबी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून बसली होती.

गावात रंगनाथकाका म्हणून एक गृहस्थ होते. पिंपळपान निशाणी असलेल्या पक्षाचे. पांढरी टोपी, अंगावर जाडंभरडं, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी घरातनं स्वतःची खाट उचलून आणली, मोहल्ल्याच्या तोंडाशी वाटेत आडवी टाकली आणि तिच्यावर खुशाल आडवे झाले.

भुजंगराव म्हणाला, "काका, उठा. आमचं तुमच्याशी काही नाही."

"मग जा की," काका म्हणाले. "पण वाट माझ्यावरनं आहे. पाय द्या आन् जा."

ब्राह्मणाच्या, त्यातून म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या छातीवर पाय द्यायला कुणी पुढं येईना. ऊन चढलं. जमाव उभा राहिला, मग बसला, मग एकेक करून पांगला. असं म्हणतात की त्या दुपारी काकांना खरंच झोप लागली, आणि ते घोरत होते.

जमाव गेल्यावर मोहल्ल्यानं मशिदीच्या अंगणात जबान दिली. जोवर हा मोहल्ला आहे, तोवर आपलं मत पिंपळपानाला. मौलासाबनंही दिली. त्याचे डोळे भरून आले होते. आपण काकांना देऊन देऊन काय देणार, असं त्याला वाटलं. मग त्यानं मनाशी ठरवलं, की पानाच्या पक्षाची सभा जेव्हा जेव्हा गुजरीच्या मैदानात भरेल, तेव्हा मैदान आपण शिंपायचं. गुजरी म्हणजे संध्याकाळच्या बाजाराची जागा. तिथं घोटा बुडेल एवढी धूळ. मौलासाब सगळं मैदान ओलं करी, कुणाच्या टोपीवर कण बसू देत नसे. मजुरी मात्र त्यानं कधी घेतली नाही.

वर्षं गेली. निवडणुका आल्या आणि गेल्या. काका थकले, पक्षाचं काम त्यांचा पुतण्या प्रतापराव बघू लागला. गावात नळ आले, पण पाइप मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन थांबला. नदी दर पावसाळ्यात कबरस्तानाचा एकेक लचका तोडत होती. दर निवडणुकीला प्रतापराव मौलासाबला म्हणायचा, "चाचा, यंदा बांध घालूनच देतो." निवडणूक झाली की बांध राहून जाई, नदी मात्र येई. मौलासाबच्या आईची कबर अशीच वाहून गेली. त्या दिवशी तो काठावर बसला आणि पाण्याकडं बघत राहिला. जन्मभर ज्या नदीचं पाणी वाहिलं, तिच्यावर रागवायचं तरी कसं, हे त्याला समजेना.

दुसऱ्या पक्षाचे लोक मोहल्ल्यात आले तर दारं लागायची. प्रेमानं नव्हे, भीतीनं. कुणी चुकून बोललं तर वडीलधारी म्हणायची, "पान सोडलं तर आपल्याला कोण?" मत देताना कुणाचा हात चुकत नसे. पण मत देऊन घरी परतताना कुणी कुणाशी बोलत नसे.

एकदा जैतुनबी म्हणाली, "काकांनी आपल्याला वाचवलं ते खरं. पण वाचवलेल्या माणसानं किती वर्षं खाली मान घालून बसायचं?"

त्या दिवसापासून मौलासाबला पखाल जड वाटू लागली.

आणि मग ती सभा आली. मौलासाबची दाढी तोवर पांढरी झाली होती. नेहमीप्रमाणे तो मैदान शिंपत शिंपत व्यासपीठापर्यंत आला. त्यानं मान वर केली. वर प्रतापराव होता. एका कडेला काका होते, डोळे जवळजवळ गेलेले, खांद्यावर शाल. आणि मधल्या खुर्चीवर, गळ्यात पिंपळपानाचा पट्टा घालून, भुजंगराव बसला होता. आठ दिवसांमागंच तो पक्षात आला होता.

मौलासाबच्या मुठीत पखालीचं तोंड तसंच राहिलं. पाणी गळत होतं, त्याला भान नव्हतं. मागं मोहल्ला बसला होता, नेहमीच्या जागी, शेवटच्या रांगेत. तिथंही सगळ्यांनी बघितलं होतं.

प्रतापरावानं ओळखलं. तो हसत म्हणाला, "काय चाचा, थांबलात का? अहो, राजकारणात जुनं धरून चालत नाही. आन् तुम्ही तर आमचेच. तुम्ही जाणार कुठं?"



मौलासाबनं पखाल खाली ठेवली. आजवर तो त्या मैदानात एक शब्द बोललेला नव्हता. तो म्हणाला, "कुठं जाणार नाही, साहेब. आम्ही हितलेच. म्हणून तर विचारतो. तुम्ही आमच्याकडं मत मागता ते आमच्या भरवशावर, का आमच्या भीतीवर?"

भुजंगराव आपल्या पायाकडं बघू लागला. तेवढ्यात काठी वाजली. रंगनाथकाका उठले होते.

"कोण, मौला का रे?"

"हाव, काका."

"मला खाली घे."

मौलासाबनं हात दिला. काका पायऱ्या उतरले, ओल्या मैदानातनं चाचपडत चालत गेले आणि शेवटच्या रांगेत, मोहल्ल्याच्या माणसांत, मातीवर बसले. बसल्या बसल्याच बोलले, पण तो जुना आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

"त्या दिवशी मी खाट टाकली ती मतासाठी नव्हे रे बाबांनो. माझ्या पक्षानं सांगितलं म्हणूनही नव्हे. तुम्ही माझे शेजारी होता. शेजारी शेजाऱ्याचं देणं लागत नाही. ती जबान मी तुमच्याकडनं मागितली नव्हती, पण तुम्ही दिलीत तेव्हा मी नकोही म्हणालो नाही. ते आज म्हणतो. तुम्ही मोकळे आहात."

मौलासाब त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. असं म्हणतात की इतक्या वर्षांनी त्याची पाठ त्या दिवशी सरळ झाली.

मग त्यानं पखाल उचलली आणि तो नदीकडं निघाला. पखालीचं तोंड उघडंच होतं. पाण्याची धार मैदानापासून मोहल्ल्यातनं पार कबरस्तानाच्या कडेपर्यंत गेली, वळणावर वळली आणि तरी पखाल संपली नाही. त्या पावसाळ्यात मांजरेला असा पूर आला, की म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता. पण मौलासाबच्या धारेपाशी येऊन पाणी थबकलं आणि मागं फिरलं, असं म्हणतात.

दुसरे काही जण वेगळं सांगतात. ते म्हणतात, सभेच्या दुसऱ्याच दिवशी गावातली माणसं टोपल्या घेऊन आली, वरच्या आळीची, खालच्या आळीची, सगळी. त्या ओल्या रेघेवर त्यांनी दगडमातीचा बांध घातला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पहिली टोपली म्हणे भुजंगरावानं टाकली, आणि मौलासाबनं त्याला पाणी पाजलं. कुणाचं खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. बांध मात्र आहे.

त्या निवडणुकीत मोहल्ल्याची मतं कुणाला गेली, हे आजतागायत कळलेलं नाही. काही पानाला गेली असतील, काही नसतील. पण परतताना माणसं बोलत होती, हसत होती, भांडतसुद्धा होती. जैतुनबीनं घरी आल्यावर विचारलं, "कुणाला दिलं?"

मौलासाब म्हणाला, "पानालाच दिलं. पण आज मी दिलं."

मौलासाब गेला त्याला आता किती काळ लोटला, कुणी सांगू शकत नाही. पण चिंचखेड्यात आजही कुठल्याही पक्षाची सभा असली, की उमेदवाराच्या गळ्यात आधी हार पडत नाही. आधी सवाल पडतो. गावातलं कुणीही उठावं आणि एक सवाल विचारावा, आणि उत्तर मिळेतो भाषण सुरू व्हायचं नाही. त्याला मौलासाबचा सवाल म्हणतात. मोठमोठे लोक तिथं घाम पुसत उभे राहिलेत.

मागच्या खेपेला वडारवाड्यातली फुलाबाई उठली. तिनं विचारलं, "निवडून आल्यावर परत कधी येनार?"

उमेदवार हसला. त्याला वाटलं, गावही हसेल. गाव हसलं नाही. बायका पदर सावरून, माणसं हाताची घडी घालून बसून राहिली. शेवटी त्यानं घसा साफ केला आणि एक दिवस सांगितला. मग फुलाबाई खाली बसली, आणि त्याला बोलू दिलं.