जवसातले पाच पांडव

आज वारं बोचरं आहे, पण आभाळ धुतल्यासारखं निर्मळ आहे. चांगल्या दिवशी आलात. ज्वारीच्या मधोमध हा निळा तुकडा दिसतो ना, ते जवस. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड आहेत. पायातलं काढा आणि या कडेने या. इथे माणसं पुरलेली आहेत. एक सोडला, तर कुणाचा दगड कोणता, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. त्याचं असं सांगतात.

पूर्वी हा सगळा माळ होता. इराप्पा नावाचा लिंगायत माणूस इथे पहिल्यांदा आला. सोबत बायको नागव्वा, आईबाप, भाऊ आणि दोन लेकरं. दगड वेचायचे, बांध घालायचा, मूठभर माती उघडी पडली की पेरायचं. मग तापाची साथ आली. नवराबायको तेवढी उरली. लिंगायतांत पुरतात. इराप्पाने पाचही जणांना शेताच्या कोपऱ्यात माती दिली, प्रत्येकावर एकेक दगड ठेवला. नागव्वाने ओटीतलं जवस त्या ओल्या मातीवर टाकलं म्हणे. दुसरं जवळ काही नव्हतं.

पुढे माळाचं पिकतं रान झालं. ते बघून माणसं आली, गाव वसलं. इराप्पाला मात्र उसंत मिळेना. कोपऱ्यात बोरी माजल्या, गुरांच्या पायांनी दगड कडेला सरकले. नागव्वा म्हणायची, "तेवढं साफ करा की." तो म्हणायचा, "एवढी सुगी होऊ दे." अशा किती सुग्या गेल्या.

मग एक वेळाअमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडे रानातच जेवण. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड रंगवून पांडव म्हणून पुजायचे. इराप्पाने घाईत बोरींच्या कडेचे पाच दगड उचलले, चुना लावला, मांडले. नागव्वा आंबिलीचं मडकं घेऊन आत वाकली आणि तशीच राहिली. एका दगडाला खळगा होता. लेकीच्या दगडावरच्या त्या खळग्यात ती पूर्वी पणती लावायची.

"हे कुठले उचलले?"

इराप्पाने कोपऱ्याकडे बघितलं.

"मग आता माझी लेकरं कुठे आहेत, ते दाखवा."

त्याला दाखवता येईना. ती घास न घेता बांधावर जाऊन बसली.

तेवढ्यात शेजारच्या रानातला तुळाजी जेवायला आला. "इराप्पा, वाढतोस, का आंबील आणखी आंबायची वाट बघतोस?" मग त्याला सगळं कळलं. तो कुऱ्हाड घेऊन बोरींना भिडला. त्याला बघून बाकीच्या रानांतली माणसंही उठून आली.

उन्हं कलताना बोरींची शेवटची जाळी ओढली, तर खाली जवस फुललेलं होतं, असं सांगतात. पाच ठिकाणी, निळंभोर. त्यातले दोन ताटवे अगदी लहान. नागव्वा त्या दोहोंच्या मधे जाऊन बसली आणि मातीवरून हात फिरवत राहिली.

इराप्पाने दगड आणले, पण खळग्याचा सोडला तर कोणता कुणाचा, ते ओळखू येईना. तो दगड पोटाशी धरून उभा राहिला.

आजही गावाच्या पेरणीची पहिली मूठ जवसाची, आणि ती इथेच पडते. वेळाअमावस्येला आंबिलीचं पहिलं मडकंही इथेच उतरतं. बसण्याआधी प्रत्येकजण एक तरी काटा उपटतो. मग जे वडीलधारं असेल ते, तुळाजी त्या दिवशी इराप्पाला म्हणाला तेच म्हणतं, "दगड मधे एकत्र ठेव, इराप्पा. तुझी माणसं आधी आली, म्हणून आम्हाला हे रान दिसलं. आता ती साऱ्या गावाची. चल, वहिनीला हाक मार, पानं इथेच मांडू."