एकोणीस खांबांचा मांडव

त्या दगडावर तेवढे बसू नका. बाकी मांडव तुमचाच आहे, हवे तिथे टेका. मीही टेकतो. ही चढण चढून आलो की हल्ली गुडघे बोलायला लागतात.

आता खांब मोजा. पलीकडच्या रांगेत दहा, अलीकडे नऊ. या रांगेत मधे नुसता तळखडा आहे, म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. वर तुळई, खाली दगड आणि मधे काही नाही. ही आमच्याच वाडवडिलांची चूक आहे, म्हणून सांगताना मिरवण्यासारखे काही नाही.

फार वर्षांपूर्वी सातेरी देवीचा हा मांडव रवळू सुताराने बांधला, असे सांगतात. वय सत्तरीचे. झाडे आदल्या वर्षी पाडून सावलीत सुकवली, एकेक खांब स्वतः तासला. थकला होता, तरी लाकूड तासायचा वाकस कुणाच्या हाती देत नसे. देवीची पालखी मांडवात नाचली की हत्यारे खाली ठेवीन, असा त्याने नवस केला होता. बिचाऱ्याला फक्त बसायचे होते.

तुळया चढल्या, वासे बसले आणि शिमग्याला आठ दिवस उरले असताना मधला खांब डोक्यापासून पायापर्यंत चिरला. तो काढून रवळूने तात्पुरता टेकू लावला. सुकलेले लाकूड दुसरे नव्हते. तेवढ्या जाडीचे सरळ झाड वाडीत एकच, आवडाई नावाच्या विधवेच्या अंगणातला फणस. ओले लाकूड दगा देते हे रवळूला ठाऊक होते, पण अडला हरी.

आमच्याकडे देवीचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. मानकऱ्यांनी देवीच्या मूर्तीला फुले लावली, गाऱ्हाणे घातले, फणस तोडू का विचारले. उजवे फूल पडले. झाले, देवीचा होकार आला म्हणत सगळे निश्चिंत झाले आणि रवळू कुऱ्हाड घेऊन निघाला.

फणसाला तेव्हा कुयऱ्या, म्हणजे कोवळी फळे, लागल्या होत्या. त्या फणसावर आवडाईची दोन पोरे पावसाळा काढायची. गरे खायचे, आठळ्या भाजायच्या. आवडाई झाडाला पाठ लावून उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "देवीक इचारलात. माका कोणी इचारल्यान?"

 रवळू तिथेच मुळावर बसला, म्हणे. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत आला. मानकरी खवळले. कौल मोडतोस, पालखी कुठे नाचवायची, मांडव कोसळला तर कोण जबाबदार, असे नाही नाही ते बोलले. त्यात आमच्या घराण्याचा मानकरी सगळ्यात पुढे होता. रवळूने मान वर केली नाही. "मी दमलंय," म्हणाला, "पण त्या झाडाक हात लावूचंय नाय."

पालखीचा दिवस आला. ढोल वाजले, पालखी मांडवात शिरली आणि शेकडो पाय एका ठेक्यावर पडू लागले. त्या हादऱ्याने टेकू निसटला. ढोलांच्या आवाजात कुणाला कळलेही नाही. रवळूला कळले. त्याने तळखड्यावर उभे राहून दोन्ही तळवे तुळईला लावले.

पहिल्यांदा ते आवडाईने पाहिले. पोराला कडेवरून उतरवून ती शेजारी उभी राहिली आणि तिनेही हात वर लावले. मग एकेक करून लोक आले. आमचा मानकरी शेवटी आला, हेही सांगायला हवे. पालखी नाचून बाहेर पडली, ढोल थांबले, तेव्हा रवळू हलकेच म्हणाला, "सोडा आता." सगळ्यांनी भीत भीत हात काढले. तुळई जागची हलली नाही.

रवळू त्याच दगडावर बसला. बसला तो उठला नाही.

पुढे आवडाईने आपण होऊन झाड देऊ केले. पुन्हा कौल लावला. फूल डावीकडे पडले. देवी नको म्हणाली आणि ती जागा तशीच राहिली. तेव्हापासून कुणाचे काही हवे असले तर आधी धन्याला विचारायचे आणि मग देवीला, अशी या वाडीची रीत पडली.

मागे एक इंजिनियर आले होते. त्यांनी सगळीकडे ठोकून पाहिले आणि सांगितले की छपराच्या वजनाने तुळई दोन्ही बाजूंच्या खांबांत आवळून बसली आहे, तिला मधल्या आधाराची गरजच नाही. असेल. आम्ही त्यांना चहा दिला.

आजही पालखी मांडवात आली की घरटी एक माणूस या दगडाभोवती उभा राहतो आणि हात वर करून तुळईला लावतो. यंदा आमच्या घरातून मीच होतो. मुलगे मुंबईला, त्यांना रजा नव्हती. खांदे भरून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी पालखी बाहेर पडेपर्यंत हात काढला नाही. इंजिनियर विचारत होते, तुळई पडणार नाही हे माहीत असून उभे कशाला राहता?

तेवढा वेळ तरी रवळूला बसता यावे म्हणून.