आवडीने घरटी उतरवली

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर भरतीची वाट पाहावी लागे, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या गावात आवडी नावाची, होडी हाकणाऱ्या तांडेलाची विधवा राहत होती. कुणा खलाशाने दूरच्या बेटावरून तांबड्या चोचीच्या, बोटभर पाखरांच्या दोन जोड्या तिला आणून दिल्या. आता शहरात त्यांना फिंच म्हणतात आणि ती दुकानात मिळतात. तेव्हा ती फक्त आवडीच्या पडवीत होती.

तिने बांबूचे पिंजरे केले, करवंट्यांत काथ्या भरून घरटी टांगली. राळ्याचे दाणे कधी कमी पडू दिले नाहीत. मग माद्या अंडी घालत, आणि पिल्लं नीट उडायच्या आत पुन्हा अंडी घालत. बारा गावचे लोक जोडी मागायला येत. आवडीने रिकामी मूठ उघडली तरी पाखरू निघे, असं म्हणतात.

तिची सून गोदा. सहा वर्षांत पाच बाळंतपणं. पाण्याचे हंडे, मासळीच्या पाट्या, वर पिंजऱ्यांची झाडलोट. आवडी वाईट नव्हती हो. तिला ते दिसत नव्हतं, एवढंच.

एका सकाळी सगळ्यांत जुनी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली. अंडं पोटात अडकलं होतं. आवडीने तिला मुठीत धरून ऊब दिली, एरंडेल लावलं. अंडं सुटलं. चार दिवसांत ती पुन्हा घरट्यात शिरली आणि तिथेच मेली.

"आपणहून जात होती गो ती," आवडी म्हणाली.

गोदा दीड महिन्याची बाळंतीण, शेजारी केर काढत होती. "घरटं टांगलेलंच असलं की जावंच लागतं, आत्याबाई," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. तिला उठता येईना.

आवडीने त्याच दुपारी सगळी घरटी उतरवली. मुलाला म्हणाली, "तुझं अंथरूण वर्षभर होडीत." सुनेला माजघरात निजवलं आणि स्वतः उंबऱ्यात बसली. खोताला मुलीच्या लग्नात द्यायला पाखरं हवी होती. तो दारात येऊन ओरडायला लागला. "निजलीय ती. हळू बोला," एवढंच आवडी म्हणाली. खोताचा घसा जो बसला तो लग्न होऊन गेल्यावरच सुटला, असं म्हणतात.

गोदा सात दिवस, सात रात्री झोपली. तान्ही अंगावर पीत होती, तरी तिला जाग नव्हती. त्या सात दिवसांत गावातलं एकही मूल रडलं नाही, भरतीसुद्धा आवाज न करता आली, असं म्हणतात. आठव्या दिवशी ती उठली, तेव्हा पिंजऱ्यातल्या माद्यांना नवी पिसं आली होती.

ती पाखरं केव्हाच संपली. पण श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हा, आमच्या गावात आवडीच्या नावाने सुनेला कुणी उठवत नाही. पुरुष रांधतात. भात करपतो आणि सगळे तो तसाच खातात.

मी सून होऊन आले तेव्हा मला हे खरं वाटलं नव्हतं. पहिल्या पहाटे सवयीने उठून चुलीपाशी गेले. सासूने हात धरून मागे नेलं. "पड गो," ती म्हणाली. "मलाही असंच निजवलं होतं."

आठवडा संपला की हंडे असतातच. पण तशी झोप मला आईच्या घरीसुद्धा कधी लागली नव्हती.