मुकादमाला सललेला झिरा

मुलांनो, सागाच्या दाट रानातून एक नदी वाहत असे आणि त्या नदीकाठच्या जाळीत एक रानडुक्कर राहत असे. अंगाने दणकट, नाकाने जमीन उकरण्यात पटाईत आणि कामाला कधी न कंटाळणारा. उन्हाळा चढला की ती नदी आटून जाई. वर नुसती तापलेली वाळू दिसे, पण वाळूच्या पोटात पाणी असे. मग रानातले खणणारे प्राणी पात्रात उतरत आणि वाळूत खोल खड्डे घेत. तळाशी हळूहळू पाणी झिरपे, म्हणून अशा खड्ड्याला सगळे झिरा म्हणत. पावसाळा येईपर्यंत सारे रान या झिऱ्यांवरच तगून राही. साळू, मुंगूस, घोरपड आणि ससा अशी मंडळी या कामावर होती आणि त्यांचा मुकादम होता रानडुक्कर.

झिरा खणायची पद्धत ठरलेली होती. विहिरीसारखा सरळ उभा खड्डा घ्यायचा. दुपारपर्यंत पाणी लागे आणि संध्याकाळपर्यंत कडेची वाळू ढासळून ते बुजून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "वाळूच ती, ढासळणारच," असे रानडुक्कर म्हणे आणि पुन्हा नाक खुपसून कामाला लागे.

एका सकाळी साळू आपले काटे खुळखुळवत पुढे आली. ती जरा बडबडी होती. एखादी गोष्ट सुचली की सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"मुकादम, ऐका ना! खड्डा उभा न घेता पसरट घेतला तर? काठाकडून तळाकडे उतरत जाणारा. उतार असला की वाळू एवढी ढासळणार नाही. शिवाय लहान पिल्लांनाही चालत पाण्यापर्यंत जाता येईल."

सगळ्यांचे हात थांबले. रानडुकराने एकदा खड्ड्याकडे पाहिले, एकदा साळूकडे. तिचे म्हणणे बरोबर आहे, हे त्याला तेव्हाच कळले. आणि तेच त्याला झोंबले. 'माझे सगळे आयुष्य या वाळूत गेले. एवढी साधी गोष्ट मला का सुचली नाही? आणि हिला कशी सुचली?'

"उतार म्हणे!" तो फुरफुरत म्हणाला. "तू उतार करत बसशील आणि तोवर पाऊस येईल. खण मुकाट्याने."

साळूने मुकाट्याने खणले. पण दुपारी बाकीचे जांभळाच्या सावलीत विसावले, तेव्हा ती एकटीच पात्रात गेली आणि तिने आपला झिरा खणायला घेतला. पहिला उतार फार तीव्र झाला, सगळी वाळू घसरून तिच्याच अंगावर आली. मुंगूस खो खो हसले. साळूही हसली, अंग झटकून तिने उतार आणखी पसरट केला आणि त्यावर ओले लव्हाळे अंथरून पायांनी दाबून बसवले. संध्याकाळी तळाशी पाणी साचले. सकाळी पाहतात तो पाणी तसेच, स्वच्छ आणि गार.

तेवढ्यात चितळांचा कळप पाण्यावर आला. एक म्हातारी चितळी आपल्या नातवाला, म्हणजे इवल्याशा पाडसाला घेऊन थेट तळापर्यंत उतरली. पाणी पिऊन तिने मान वर केली. "किती छान झिरा आहे हा! आज पहिल्यांदाच माझे पाय लटपटले नाहीत. कोणी खणला गं?"

"साळूने!" ससा कौतुकाने ओरडला.

रानडुक्कर शेजारीच उभा होता. याच म्हातारीने आजवर त्याच्या झिऱ्याचे पाणी प्यायले होते. पण 'कोणी खणला' असे तिने कधी विचारले नव्हते. त्याचे तोंड कडू झाले. त्या दिवशी त्याला कंदमुळे गोड लागली नाहीत. चिखलात लोळूनही अंगाची आग शमली नाही. डोळे मिटले की तो उतार दिसे आणि कानात 'साळूने' हा एकच शब्द घुमे.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी सगळे सावलीला गेले असताना तो नदीपात्रात उतरला. साळूच्या झिऱ्याच्या काठावर उभा राहिला. क्षणभर त्याला वाटले, परत फिरावे. पण तळातल्या पाण्यावर ऊन चमकले आणि त्याला ते पाणी आपल्याला हसते आहे असे वाटले. त्याने लव्हाळे उपटून फेकले आणि खुरांनी काठ तुडवून तुडवून पाणी बुजवून टाकले.

"या, बघायला या!" त्याने सगळ्यांना हाक मारली. "पडला तुमचा तो उतार! मी सांगत नव्हतो?"

सगळे जमले. ओल्या वाळूत रानडुकराच्या खुरांचे ठसे स्वच्छ उमटले होते. मुंगसाने ते पाहिले, घोरपडीने पाहिले, सशाने पाहिले. साळूनेही पाहिले. तिचे काटे एकदा ताठ झाले, मग हळूहळू पुन्हा आडवे झाले.

"बरं, मुकादम," ती म्हणाली. "सांगाल तिथे खणते."

"नदीच्या वरच्या वळणावर जा. तिथे एकटी खण. आणि सरळ खण."

साळू गेली. त्या दिवसापासून कामावर कमालीची शांतता पसरली. 'असं केलं तर?' असे कोणी म्हणेना. सशाला काही सुचले तर तो दोन्ही कान खाली पाडून बसे. घोरपड सांगितले तेवढे खणून उन्हाला जाऊन पडे. सुरुवातीला रानडुकराला ही शांतता आवडली. पण मत्सर काही गेला नाही. मुंगूस आणि ससा आपसात कुजबुजले की त्याला वाटे, ते साळूचेच कौतुक करीत असणार. आपण जिंकलो, हे त्याला रोज स्वतःला बजावावे लागे.

ऊन वाढत गेले तसे पाणी आणखी खोल गेले. सरळ झिरेही खोल खोल होत गेले. एका सकाळी चितळांचा कळप आला. झिऱ्याच्या काठाशी तहानलेल्यांची रेटारेटी झाली आणि म्हातारीचे पाडस तोल जाऊन आत पडले. मागोमाग काठाची वाळू सुटली. पाडस गळ्यापर्यंत गाडले गेले. म्हातारी वर उभी राहून आकांत करू लागली, "अरे, काढा रे कोणीतरी! माझं लेकरू गेलं रे!"

रानडुकराने धावत येऊन नाकाने वाळू उकरायला सुरुवात केली. पण तो जितका जोर करी तितकी वाळू आत घसरे. तो घाबरून मागे वळला. "काय करायचं? सांगा ना! सुचवा कोणीतरी काहीतरी!"

मुंगसाने घोरपडीकडे पाहिले. घोरपडीने मान खाली घातली. "तुम्ही सांगाल तसं करू, मुकादम," ससा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच भेदरलेला होता.

त्या तिघांची उतरलेली तोंडे रानडुकराने पाहिली. हे आपणच केले, हे त्याला कळले. तो वळला आणि जीव खाऊन वरच्या वळणाकडे धावत सुटला. तिथे साळू उन्हात एकटीच एक सरळ, उभा खड्डा खणत होती.

"साळू, चल लवकर! पाडस गाडलं जातंय." त्याला धाप लागली होती. "तुझा झिरा पडला नव्हता. मी पाडला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "खूर उमटले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू? मुकादम तुम्हीच."

एवढे बोलून ती निघालीसुद्धा. झिऱ्यापाशी येताच ती ओरडली, "काठावरून सगळे मागे व्हा! आपल्या वजनानेच वाळू आत जातेय. आता या अंगाने, लांबून उतरत खणायचं. मुकादम, तुमचं नाक लावा इथे!"

रानडुकराने नाक लावले. ती दाखवी तिकडे तो वाळू उडवू लागला. मुंगूस म्हणाले, "मी हलका आहे. मी आत उतरून त्याच्या तोंडापाशी मोकळं करतो." ससा पळसाच्या फांद्या ओढून आणू लागला, "यावर पाय देऊ या, म्हणजे रुतणार नाहीत." कोणीच परवानगी विचारत बसले नाही. उतार तळाला पोचला आणि रानडुकराने आपला सुळा पाडसाच्या पोटाखाली अलगद घालून त्याला वर उचलले. पाडस खोकले, शिंकले आणि आजीच्या पायांत जाऊन शिरले.

म्हातारी चितळी साळूचे तोंड चाटू लागली. सगळे तिच्याभोवती जमले. रानडुक्कर वाळूने माखून एका बाजूला उभा होता आणि, मुलांनो, खरे सांगायचे तर त्याला पुन्हा तस्सेच झोंबले. पण आता त्याने ते ओळखले. तो गर्दीत शिरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा झिरा साळूच्या कल्पनेचा आहे. मी ती कल्पना दाबली होती. माझं चुकलं."

साळू उतारावरची वाळू पायाने चापत होती. "मग आता सगळे झिरे असेच घ्यायचे का?" तिने विचारले.

"घ्यायचे. आणि यातही काही बदलावंसं वाटलं तर सांगा." तो सगळ्यांकडे वळला.

घोरपड दबकत पुढे आली आणि म्हणाली, "काठावर सावली केली तर? उन्हाने पाणी सुकणार नाही. मी वेली आणून वर टाकते."

तिने वेली आणल्या, चार काटक्या रोवल्या आणि मांडव घातला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि सगळा मांडव धाडकन पाण्यात पडला. घोरपडीने घाबरून अंग चोरले आणि रानडुकराकडे पाहिले.

रानडुकराने पाण्यात तोंड घालून एक वेल बाहेर ओढली आणि तिच्यापुढे ठेवली. "काटक्या बारीक होत्या," तो म्हणाला. "उद्या जाड आणू. तू रोव, मी धरतो."

तात्पर्य : मत्सरापोटी एकाची नवी कल्पना दाबली की बाकीचेही सुचवणे सोडून देतात. म्हणून ज्याच्या हाती काम सोपवलेले असते, त्याने सोबत्यांना बोलू द्यावे, चुकू द्यावे आणि पुन्हा करून पाहू द्यावे.